संमतीची चौकट

जवळा बाजार
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय ऐश्वर्या,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील, आणि हिला माझा पुण्यातला पत्ता कोणी दिला हा पहिला प्रश्न तुझ्या मनात आला असेल. ते सांगणार आहे, पण शेवटी. आधी सांगितलं तर तू मधलं काही वाचणार नाहीस. पेपर हातात पडला की तू आधी शेवटचा प्रश्न वाचायचीस आणि त्यावरून ठरवायचीस की आज हसायचं की रडायचं. ती सवय गेली असेल असं मला वाटत नाही. फोनवर लिहिता आलं असतं, पण तिथे तू निळ्या खुणा उमटवून गप्प बसतेस, नाहीतर मीटिंग चालू आहे म्हणून एक हसरा चेहरा पाठवून मोकळी होतेस. अडीच वर्षं मी तुझे हसरे चेहरे गोळा केले. आता कागदावर लिहिते आहे, म्हणजे वाचून संपेपर्यंत तरी तुला माझं ऐकावं लागेल.

माझं बरं चाललं आहे, खोटं सांगत नाही. बसस्टँडसमोर संघपालचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे, ते तू आमच्या लग्नात पाहिलंसच. आता तिथे दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातल्या एकावर मी बसते. पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, जे येईल ते. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, प्रथम श्रेणी, आणि काम काय, तर दुसऱ्यांनी बनवलेल्या फॉर्ममध्ये तिसऱ्यांची माहिती भरायची. प्रत्येक फॉर्मच्या तळाला 'वरील सर्व अटी मला मान्य आहेत' असं एक वाक्य असतं आणि त्यापुढे एक छोटी चौकट. त्या चौकटीत लोकांच्या वतीने मी दिवसाला चाळीस-पन्नास वेळा टिक करते. सुरुवातीला मी सगळ्या अटी मोठ्याने वाचून दाखवायचे. मग एकदा चांगुणाबाई म्हणून एक बाई वैतागून म्हणाल्या, "ताई, माझी जीप निघून राहिली अन् तू काहून पोथी वाचून राहिली?" तेव्हापासून वाचत नाही. पण टिक करण्याआधी "करू ना?" एवढं विचारते आणि समोरचं माणूस हो म्हणेपर्यंत थांबते. संघपालला याचं हसू येतं. मला ते सोडता येत नाही, आणि का सोडता येत नाही हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आपल्या लॅबची आठवण येते का तुला तिकडे? वीस मशीन, त्यातली चालू अकरा, आणि वर्गात मुलं बावीस. म्हणून एका मशीनवर दोघं. हजेरीप्रमाणे तुझी माझी जोडी लागत नव्हती, पण सेनगावच्या जीपमध्ये आपली गट्टी जमली होती. मी गोरेगावहून यायची, तू सेनगावला चढायचीस आणि हिंगोलीपर्यंत आपण अर्ध्या सीटवर दोघी बसायचो. तू अपर्णा मॅडमच्या मागे लागून जागा बदलून घेतलीस. तुझी बोटं भराभर चालायची, माझी एकेक अक्षर शोधत बसायची. मग आपलं ठरूनच गेलं. मी वही मांडीवर घेऊन सांगायचं, तू टाइप करायचं. कंस उघड, कंस मिटव, इथे अवतरण दे, आता खालच्या ओळीवर ये. मॅडम एकदा म्हणाल्या, डोकं करुणाचं आणि बोटं ऐश्वर्याची. मी हसले होते. तू हसली नव्हतीस, ते मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं.

लाइट गेली की मॅडम आपल्याला बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन नाटक करायला लावायच्या, ते तर तुला नक्की आठवत असेल. एका पोरीने ब्राउझर व्हायचं, दुसरीने सर्व्हर. तू कायम ब्राउझर, मी कायम सर्व्हर. तू चिठ्ठीवर लिहून काहीतरी मागायचीस, मी ते वहीत शोधून दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून द्यायची. एकदा तू चिठ्ठीवर स्वतःचं वय एकशे चार लिहिलंस आणि मी मुकाट वहीत उतरवून घेतलं. सगळा वर्ग हसला. मॅडमनी तेव्हा शिकवलं की समोरून जे येईल ते खरं मानायचं नाही, आधी तपासायचं आणि मगच आत घ्यायचं, समोर कोणीही असो. मी ते वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. तुला सोडून सगळ्या जगाला ते लागू केलं.

प्रोजेक्टच्या वेळी बाकीच्यांनी शहरातून तयार सीडी आणल्या, कुणाचं ग्रंथालय, कुणाचं हॉटेल बुकिंग. हिंगोलीत धड हॉटेल किती, आणि बुकिंग करतंय कोण. आपणच दोघी वेड्या, ज्यांनी खरोखर कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं काही करायचं ठरवलं. बुद्धभूषण सरांचं वधू-वर मंडळ. विहाराच्या मागचा तो हॉल, लोखंडी कपाट, मुलांच्या निळ्या फायली आणि मुलींच्या पिवळ्या. सर निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे फायलीतला एक कागद इकडचा तिकडे होत नसे. लग्न जुळलं तरी बायोडाटा ते फाडत नसत, त्यावर 'जुळले' असा शिक्का मारून परत लावून ठेवत. माणसाचा कागद फाडायचा नसतो, असं म्हणायचे. म्हणून आपल्या वेबसाइटवरही आपण नोंद काढून टाकायचं बटण ठेवलंच नाही, फक्त 'जुळले' ठेवलं. जुळलेली नोंद लोकांना दिसत नाही, पण आत राहते. आपलं पहिलं खरंखुरं गिऱ्हाईक म्हणून सरांचा शब्द आपण मोडला नाही.

मोडला तो फक्त एका बाबतीत, आणि तो मी मोडला. सरांच्या कागदी फॉर्मवर खाली एकच सही होती, पालकाची. मी म्हटलं की ज्याचं लग्न त्याला विचारल्याची खूण कुठेतरी हवी. सर म्हणाले, पालक सही करतात म्हणजे विचारलेलंच असतं. मी आठवडाभर त्यांच्याशी वाद घातला. तू मला गप्प बस म्हणून चिमटे काढत होतीस. शेवटी सर हसून म्हणाले, घाल बाई तुझी चौकट. मग मी सांगितलं आणि तू टाइप केलंस: 'ही माहिती उमेदवाराच्या संमतीने भरली आहे.' त्यापुढे चौकट. टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही, लाल अक्षरात सूचना येईल. आणि बायोडाटाची प्रिंट काढली की सगळ्यात खाली हिरव्या अक्षरात येईल, 'उमेदवाराची संमती: होय'. तो हिरवा रंग ठरवायला मी अर्धा तास घातला होता. तू म्हणाली होतीस, हे कोण वाचणार आहे. आता ऐक कोणी वाचलं ते.

त्याआधी माझी चूक. चूक माझीच होती आणि ती मी मान्य करते. मॅडमनी सांगितलं होतं की फॉर्म तपासताना खोटी नावं घाला. मी आळस केला. फोटो चढतो की नाही हे बघायचं होतं आणि तुझ्या पेनड्राइव्हमध्ये माझा एकच फोटो होता, गॅदरिंगचा, निळ्या साडीतला, तूच काढलेला. मग नावही माझंच घातलं, गावही माझंच, आणि मोबाइल नंबर बाबांचा, कारण तो एकच मला पाठ होता. नऊ वेळा मी स्वतःचा बायोडाटा भरला. अपेक्षा या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वतःचा चहा स्वतः करता यावा'. आपण किती हसलो होतो. वेबसाइट सुरू करायच्या आधी मी डेटाबेसचं टेबल उघडून त्या नऊच्या नऊ नोंदी माझ्या हाताने काढून टाकल्या. तू शेजारी बसून शेंगदाणे खात होतीस.

नऊ फेब्रुवारीला, गुरुवारी, मी नांदेडला गेले. पुण्याच्या कंपनीची निवड परीक्षा तिथे होती, माझा नंबर गुरुवारी आणि तुझा शुक्रवारी. बाबा मला सोडायला हिंगोलीच्या बसस्टँडपर्यंत आले. खिडकीतून केळी दिली, पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाले की डोळे दाखवून परत जातो. तू त्या दिवशी सरांच्या हॉलमध्ये बसून जुन्या फायलींतले कागद वेबसाइटवर चढवत होतीस. मी नांदेडला चौथ्या बाकावर बसून पेपर लिहिला आणि नंतर तोंडी परीक्षेत मॅडमचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आपण दोघी निवडल्या गेलो. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. एका खोलीत राहायचं, डबा लावायचा नाही, स्वयंपाक आळीपाळीने, हे सगळं आपण जीपमध्येच ठरवून टाकलं होतं.

मार्चच्या पाच तारखेला मंडळाचा परिचय मेळावा झाला आणि त्यानंतरच्या मंगळवारी मी कॉलेजातून घरी आले तर दारात परक्या चपला. जवळा बाजारची पाहुणे मंडळी आली होती. आईने पोहे केले होते, मला साडी नेसायला सांगितली. मला वाटलं काहीतरी गोंधळ झाला आहे, आणि मी सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं की मी कुठेही नाव दिलेलं नाही. तेव्हा माझ्या आताच्या सासूबाईंनी पिशवीतून मेळाव्यात मिळालेला, घडी केलेला कागद काढला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "ह्ये बघ बाई, हिथं तुझीच मर्जी लिवली हाये. आमी बिगर मर्जीचं कोणाच्या दारात जात न्हाई." मी तो कागद घेतला. वरचं काही वाचलंच नाही, डोळे थेट तळाला गेले. उमेदवाराची संमती: होय. हिरव्या अक्षरात. ऐश्वर्या, माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाने मलाच खोटं पाडलं. बाबा खाली बघत होते. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते आहे.

मी मागच्या दारी जाऊन तुला फोन लावला. तू काय बोललीस ते मला पाठ आहे. "टेस्टिंगची नोंद राहिली असंल गं तुझी. मी काढते आत्ता." मी म्हटलं, अगं मी नऊच्या नऊ काढल्या होत्या. तू जरा थांबलीस आणि विचारलंस, "नऊ होत्या का दहा?" बस. त्या एका प्रश्नाने मी ढासळले. मला खात्री होती, आणि तू विचारल्याबरोबर ती गेली. नऊ की दहा? मी स्वतःच्या आठवणीवर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. मला वाटलं, माझ्याच आळसाने माझंच नाव राहून गेलं, ती टिक मीच कधीतरी हसत हसत केली होती, आणि आता लोक भाड्याची गाडी करून चाळीस-पन्नास किलोमीटर आलेत. पाहुण्यांसमोर आणखी काय बोलणार होते? एक तर मी खोटारडी, नाही तर बावळट. मी नाही म्हणू शकले असते, हे मला कळतं. पण चूक दुसऱ्याची असती तर मी भांडले असते. स्वतःच्या चुकीशी कसं भांडायचं ते मला आलं नाही. पुण्याचं बघू नंतर, असं सगळेच म्हणाले आणि कोणीही बघितलं नाही.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली तेव्हा माझा साखरपुडा होऊन गेला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं की ही कल्पना कुणाची, फार चांगली आहे. तू म्हणालीस, सर, हिची. आणि माझा हात दाबलास. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. परीक्षेनंतर अकराव्या दिवशी लग्न झालं. हळदीला तू आलीस आणि माझ्या आईपेक्षा जास्त रडलीस. माझ्या मावशीने विचारलं, एवढी जीव लावणारी मैत्रीण कोण गं ही? जूनमध्ये तू एकटी पुण्याला गेलीस. पहिल्या दिवशी तू तुझ्या टेबलाचा फोटो पाठवलास, शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तो फोटो संघपालला दाखवला आणि म्हटलं, माझी मैत्रीण. मला हेवा वाटला, पण तुझ्याबद्दल वाईट एकदाही आलं नाही मनात. अडीच वर्षं मी फक्त स्वतःला बोल लावत राहिले.

या सप्टेंबरमध्ये बुद्धभूषण सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जानेवारीत पुन्हा मेळावा आहे, वेबसाइट कोणीतरी बघायला हवी, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं आणि तुझ्या अक्षरातली पासवर्डची वही हातात दिली. तेव्हापासून दर रविवारी मी हिंगोलीला जाऊन हॉलमध्ये बसते. पहिल्याच रविवारी जुन्या नोंदी बघायला मी टेबल उघडलं. तिथे मी होते. 'जुळले' असा शेरा आणि क्रमांक एकसष्ट. आता तुला सांगायला नको, तरी सांगते. मी काढलेल्या नोंदींचे क्रमांक एक ते नऊ होते. टेबल दहापासून सुरू होतं, त्याच्या आधी काही नाही, आणि काढलेला क्रमांक पुन्हा कोणाला मिळत नाही. माझी दहावी नोंद राहून गेली असती तर तिचा क्रमांक फार तर दहा असता, आणि दहावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. ही नवी होती. आणि आणखी एक. वेबसाइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला एक रकाना वाढवायला सांगितला होता, नोंद कधी झाली तो. तू त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला गेली होतीस आणि तो रकाना कुठल्याही पानावर दिसत नाही, म्हणून तुला तो माहीत नव्हता. नऊ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. मी नांदेडला चौथ्या बाकावर होते.

अपेक्षा रकान्यात चहाचं काही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'निर्व्यसनी असावा, मुलीला पुढे नोकरी करू द्यावी.' पहिले दोन शब्द बाबांचे असतील. पुढचं वाक्य तुझं आहे, मी तुझी वाक्यं ओळखते. ते लिहून तुझं मन थोडं हलकं झालं असेल. माझ्या सासरच्यांनी ते वाचलंही नाही.

दिवाळीला गोरेगावला गेले तेव्हा बाबांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही, उलट सुटल्यासारखे बोलले. म्हणाले, "व्हय, मीच हॉलवर जाऊन सांगितलं व्हतं तिला. पोरगी न्हाई म्हणंल, तिला सांगू नको, असं म्हनलं. समदं लिवून झालं अन् ती पोर थांबली. म्हनली, काका, हिथं करुणाची मर्जी इचारलीया, टिक करू का? म्या म्हनलं, कर, लेकरू माझंच हाये." मग मलाच विचारलं, "काहून, संघपाल वाईट हाये का?" नाही, वाईट नाही. तो स्वतःचा चहा स्वतः करतो, माझाही करतो. माणूस चांगला निघाला, आणि मला विचारलंच नव्हतं हे सगळे विसरले. तुलाही निरोप मिळाला असेल की करुणाचं बरं चाललंय, आणि तू सुटलीस.

बाबांवर मी रागावले, दोन दिवस जेवले नाही, आणि मग जेवले. बाबांकडून मी वेगळी अपेक्षा धरलीच नव्हती, म्हणून तर ती चौकट बनवली होती. ती बाबांसाठी होती. तुझ्यासाठी नव्हती. ती चौकट कशाला आहे हे या जगात दोघींना पुरतं माहीत होतं, एक मी आणि एक तू, आणि तू थांबलीस, म्हणजे तुला कळलं होतं, आणि कळून टिक केलीस. बरं, तेही मी एखाद्या वेळी गिळलं असतं. समोर मैत्रिणीचा बाप, वयाने मोठा, तू घाबरलीस म्हणून सोडून दिलं असतं. कधी कधी वाटतं, कोणीतरी शेजारी बसून सांगायचं आणि तू टाइप करायचं, ही सवय तुला मीच लावली. पण 'नऊ होत्या का दहा' हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. ते तुझं स्वतःचं होतं. त्या वेळी तू खरं बोलली असतीस तर मी पुढच्या दारी जाऊन सांगू शकले असते की ही टिक माझी नाही. पाच मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी तू मला माझ्याच डोक्यावर संशय घ्यायला लावलंस, ज्या डोक्याचं तुला एवढं कौतुक होतं. मला तुझा राग येतो, ऐश्वर्या. भांडी घासताना येतो, फॉर्म भरताना येतो, तुझा हसरा चेहरा आला की जास्त येतो. तो कमी होईल असं वाटत होतं, पण झाला नाही. तरी मी तुला लिहिणार नव्हते. काय लिहायचं? तू सॉरी म्हणाली असतीस आणि मला ते घ्यावं लागलं असतं.

पण परवा रविवारी तुझी आई हॉलवर आली. रुक्माबाई मावशी वाळल्या आहेत गं, शाळेत खिचडी शिजवून शिजवून हाताला घट्टे पडलेत. सरांना अजून नीट दिसत नाही, म्हणून खुर्चीवर मी. त्यांनी पिशवीतून तुझा भरलेला फॉर्म काढला. फोटो गॅदरिंगचा, हिरव्या साडीतला, कडेला माझं कोपर दिसतं आहे. सध्याचा पत्ता या रकान्यात तुझ्या खोलीचा पत्ता आहे, त्यावरून हे पाकीट लिहिलं. मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "करुणा, तिला आत्ता सांगू नको. ती न्हाई म्हणंल." अगदी तेच शब्द. मी सगळं भरलं. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, फोटो चढवला. मग चौकट आली. खरं सांगते, बोट तिथे गेलं आणि मला गोडही वाटलं. तुला जेवढा वेळ लागला होता तेवढाच मला लागला असता, आणि उद्या तू फोन केला असतास तर मीही विचारलं असतं की काय गं, कधी टेस्टिंग केलं होतंस का. शेवटी मी मावशींना सांगितलं की वेबसाइट पंधरा दिवस बंद आहे. त्यांनी विश्वास ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवून सेनगावच्या जीपने गेल्या. तेव्हा आता ठरवायचं ते तू. हो असेल तर कळव, मी टिक करीन. नाही असेल तर तेही कळव. कागद मी मावशींना परत देईन आणि त्यांची समजूत घालायचं माझ्याकडे लागलं. मात्र याला माफी समजू नकोस, ती मी दिलेली नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, कोण जाणे, कदाचित हो पण म्हटलं असतं. ते आता मला जन्मभर कळणार नाही. तुला कळावं, म्हणून विचारते आहे. करू का टिक?

अजून तरी तुझीच,
करुणा